गुडघ्याचे दोन रकाने: वेदनेचे गुण आणि कूर्चेचे मिलिमीटर

भारतात १९९० साली ऑस्टिओआर्थ्रायटिसचे, म्हणजे सांध्यांच्या झिजेच्या आजाराचे, सुमारे २ कोटी ३५ लाख रुग्ण होते. २०१९ मध्ये ही संख्या ६ कोटी २३ लाखांवर गेली. २९ वर्षांत ती २.६६ पट झाली, म्हणजे १६६% वाढ, आणि या रुग्णांत सर्वाधिक गुडघ्यांचे आहेत.

हे आकडे ज्या अभ्यासातले आहेत, त्यातच वयोमानाचा फरक काढून टाकून मोजलेला दर लाख लोकांमागे ४,८९५ वरून ५,३१३ झाला. ही वाढ ८.५% आहे. एका बाजूला १६६% आणि दुसऱ्या बाजूला ८.५%. या दोन आकड्यांमधल्या अंतराचा अर्थ असा की रुग्ण वाढले ते मुख्यतः माणसे वाढली आणि ती जास्त वर्षे जगू लागली म्हणून. साठीच्या माणसाला हा आजार होण्याची शक्यता मागच्या पिढीपेक्षा थोडीच वाढली आहे. साठी गाठणारी माणसे मात्र कितीतरी वाढली आहेत.

जगाचा आकडा २०२० साली ५९ कोटी ५० लाख होता, लोकसंख्येच्या ७.६%. गुडघ्याचे रुग्ण २०५० पर्यंत आणखी ७४.९% वाढतील असा अंदाज आहे. याच मोजणीनुसार आजाराच्या एकूण भारापैकी २०.४% वाढलेल्या वजनाच्या खात्यावर जातो. हा २०.४ पुढे पुन्हा लागणार आहे, कारण या आजारावर सध्या ज्या पेप्टाइड संप्रेरकांची चर्चा आहे ती वजनावरच काम करतात.

गावाचा आकडा

महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात या आजाराची घरोघरी मोजणी झाली आहे. पुण्याच्या सेंटर फॉर ऱ्हुमॅटिक डिसीजेसचे डॉ. अरविंद चोप्रा यांनी १९९६ मध्ये इंदापूर तालुक्यातल्या भिगवणला हे काम सुरू केले. ४,०९२ प्रौढ तपासले गेले. सांधे, स्नायू, हाडे यांच्या दुखण्याची तक्रार ७४६ जणांना होती, म्हणजे १८.२%. झिजेच्या संधिवाताचे प्रमाण ५.८% निघाले. ज्याचे नाव लोक जास्त घेतात तो आमवात, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, ०.५% च्या आसपास होता. झिजेचा आजार त्याच्या दहापटीहून अधिक आहे.

२०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, देशातल्या पाच ठिकाणच्या पाहणीत गुडघ्याच्या झिजेचे प्रमाण २८.७% आले. ५.८ आणि २८.७ या आकड्यांची थेट तुलना होत नाही. दुसऱ्या पाहणीचा नमुना वेगळा होता आणि निदान पक्के करायला क्ष-किरण चित्र वापरले होते. नमुना आणि मोजायची पट्टी बदलली की प्रमाण पाचपट दिसू शकते, एवढे मात्र यातून कळते.

भिगवणचा दर हिंगोलीला लावून पाहता येतो. २०११ च्या जनगणनेत हिंगोली जिल्ह्याची लोकसंख्या ११,७७,३४५ होती. त्यातले ८ लाख प्रौढ धरले, तर ५.८% म्हणजे ४६,४०० रुग्ण होतात. हा अंदाज आहे, मोजणी नाही. पण नियोजनासाठी शून्यापेक्षा तो बरा.

हिंगोली-वाशीम रस्त्यावर, मराठवाडा आणि वऱ्हाड यांच्या हद्दीवर कनेरगाव नाका आहे. परिसरात सोयाबीन आणि हळद. खुरपणी उकिडवे बसून होते, सोयाबीनची सोंगणी कंबरेत वाकून किंवा उकिडवे बसून. या बसण्याचा हिशेब बीजिंगच्या एका अभ्यासात आहे. वयाच्या पंचविशीत रोज ३ तास किंवा त्याहून जास्त वेळ उकिडवे बसणाऱ्यांची तुलना अर्ध्या तासाहून कमी बसणाऱ्यांशी केली. पुढे गुडघा झिजण्याची शक्यता पुरुषांत २.० पट आणि स्त्रियांत २.४ पट आढळली. दोन तासांपर्यंत बसणाऱ्यांत मात्र फरक जवळपास दिसला नाही. म्हणजे भार दोन तासांनंतर मोजावा लागतो, आणि खुरपणीचा दिवस दोन तासांत संपत नाही.

दुसरा हिशेब एसटीच्या पायरीचा आहे. जर्मनीत पाच रुग्णांच्या कृत्रिम गुडघ्यात मापकयंत्र बसवून रोजच्या हालचालींचा भार मोजला गेला. सपाट चालताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या २६१% भार येतो, खुर्चीवरून उठताना २४६%, जिना चढताना ३१६% आणि उतरताना ३४६%. ५५ किलो वजनाची बाई पायरी उतरते तेव्हा तिच्या एका गुडघ्यावर १९० किलो असतात. नाक्यावर गाडीतून उतरताना बाया दांडा धरून आधी एक पाय खाली टेकवतात, मग तिथेच दुसरा आणतात. चढण्यापेक्षा उतरणे त्यांना का जड जाते, ते ३१६ आणि ३४६ या दोन आकड्यांत आहे.

गादीचा हिशेब

गुडघा दुखायला लागला की लोक म्हणतात, गादी घासली. ही गादी म्हणजे कूर्चा. तिची जाडी काही मिलिमीटर. तिच्यात रक्तवाहिन्या नाहीत, नसा नाहीत. पेशींचा वाटा आकारमानाच्या १ ते २%. बाकी पाणी, कोलॅजनचे तंतू आणि पाणी धरून ठेवणारी प्रथिने.

कोलॅजन किती काळात बदलते, याचा आकडा २००० साली प्रसिद्ध झाला. त्वचेतले निम्मे कोलॅजन बदलायला १५ वर्षे लागतात, कूर्चेतले निम्मे बदलायला ११७ वर्षे. २०१६ मध्ये कार्बन-१४ वापरून हे पुन्हा तपासले गेले. अणुचाचण्यांमुळे विसाव्या शतकाच्या मध्यावर हवेतला कार्बन-१४ वाढला आणि नंतर उतरला, त्यामुळे एखादा तंतू कोणत्या काळात तयार झाला ते ओळखता येते. निष्कर्ष असा निघाला की वाढीचे वय संपल्यावर कूर्चेचे कोलॅजन जवळपास बदलत नाही, आजारी गुडघ्यातही नाही. साठीची बाई शाळेच्या वयात तयार झालेल्या गादीवर चालते.

या गादीची निगा १ ते २% पेशींवर आहे आणि त्या पेशी म्हाताऱ्या होतात. आयोवा विद्यापीठातल्या संशोधकांनी १ ते ८७ वर्षे वयाच्या २७ दात्यांच्या कूर्चेतल्या पेशी तपासल्या. वय वाढते तशी पेशींची विभागणी कमी होत गेली, गुणसूत्रांची टोके आखूड झाली आणि वार्धक्याची खूण दाखवणाऱ्या पेशी वाढल्या. म्हातारी पेशी मरत नाही. ती विभागायचे थांबते आणि आजूबाजूला दाह वाढवणारे व तंतू कापणारे पदार्थ सोडत राहते.

संप्रेरकांचा संबंध इथे येतो. आयजीएफ-१ हे ७० अमिनो आम्लांचे पेप्टाइड संप्रेरक कूर्चेच्या पेशीला नवे द्रव्य बनवायचा निरोप देते. वय झालेल्या पेशी या निरोपाला कमी प्रतिसाद देतात. संप्रेरक पोचते, काम होत नाही. म्हणून बाहेरून संप्रेरक वाढवून भागेल का, हा प्रश्न अवघड आहे. निरोप मोठ्याने दिला तरी ऐकणारी पेशी तीच असते.

एक विसंगतीही नोंदवली पाहिजे. पी-१६ नावाचे प्रथिन पेशीच्या वार्धक्याची खूण मानले जाते आणि वयाबरोबर ते वाढते. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात उंदरांच्या कूर्चापेशींतून हा जनुक काढून टाकला. झीज थांबली नाही. पी-१६ वय सांगते, आजार घडवत नाही. खूण आणि कारण या दोन गोष्टी वेगळ्या.

संप्रेरकांच्या चाचण्या

पेप्टाइड म्हणजे अमिनो आम्लांची साखळी. ऑक्सिटोसिनमध्ये ९ आम्ले असतात, सेमाग्लुटाइडमध्ये ३१, सालमन माशाच्या कॅल्सिटोनिनमध्ये ३२, टेरिपॅराटाइडमध्ये ३४, इन्सुलिनमध्ये ५१. यातल्या बहुतेकांचा कूर्चेवरचा परिणाम प्रयोगशाळेत किंवा उंदरांत तपासला गेला आहे. माणसांवरच्या मोठ्या चाचण्या दोघांच्या झाल्या.

पहिली कॅल्सिटोनिनची. गोळीच्या रूपात, दोन वर्षे, दोन स्वतंत्र चाचण्या. एकीत १,१७६ रुग्ण, दुसरीत १,०३०, एकूण २,२०६. सांध्यातली फट, म्हणजे क्ष-किरण चित्र पाहून डॉक्टर ज्याला गॅप म्हणतात ती, कमी होण्याचा वेग दोन्ही चाचण्यांत औषधाने बदलला नाही. निकाल २०१५ मध्ये आला.

दुसरी वजन उतरवणाऱ्या सेमाग्लुटाइडची, निकाल ऑक्टोबर २०२४. ११ देश, ६१ केंद्रे, ४०७ रुग्ण, ६८ आठवडे. औषध घेणाऱ्यांचे वजन १३.७% उतरले, नुसती सुई घेणाऱ्यांचे ३.२%. वेदनेचे गुण सुरुवातीला १०० पैकी ७०.९ होते. औषधाच्या गटात ते ४१.७ ने कमी झाले, दुसऱ्या गटात २७.५ ने.

या निकालाची बातमी ४१.७ ची झाली. पण २७.५ हा आकडाही तितकाच महत्त्वाचा आहे. औषध नसलेल्या सुईने, आहार-व्यायामाच्या सल्ल्याने आणि नियमित तपासणीने औषधाच्या परिणामाचा ६६% भाग गाठला. औषधाचा स्वतःचा वाटा १४ गुणांचा. हे १४ गुण खरे आहेत आणि रुग्णाला जाणवतील एवढे आहेत. मात्र ते ४२ नाहीत.

दुष्परिणामांमुळे औषध सोडणारे ६.७% होते, दुसऱ्या गटात ३.०%.

याच्या आधी, २०२१ मध्ये, डेन्मार्कमध्ये याच कुळातल्या लिराग्लुटाइडची चाचणी झाली होती. तिच्यात १५६ रुग्ण होते. त्यांना आधी ८ आठवडे आहाराने वजन कमी करायला लावले. सरासरी १२ किलो उतरले आणि वेदनाही कमी झाली. त्यानंतर निम्म्यांना ५२ आठवडे औषध दिले. औषधाच्या गटाचे वजन आणखी २.८ किलो कमी झाले, दुसऱ्याचे १.२ किलो वाढले. वेदनेत दोन गटांमध्ये फरक पडला नाही. वजन आहाराने उतरलेले असेल, तर संप्रेरकाने वेदनेत भर घातली नाही. म्हणजे वेदनेवरचा परिणाम मुख्यतः वजनातून येतो, असे हा निकाल सुचवतो.

उलट बाजूने शांघायचा आकडा आहे. मधुमेह आणि गुडघ्याची झीज दोन्ही असलेले १,८०७ रुग्ण, त्यातले २३३ या कुळातले औषध घेणारे. गुडघ्याची शस्त्रक्रिया औषध घेणाऱ्यांत ४ जणांची झाली, १.७%. न घेणाऱ्या १,५७४ पैकी ९३ जणांची, ५.९%. कूर्चा झिजण्याचा वेगही औषधाच्या गटात कमी दिसला. पण ही चाचणी नव्हती, निरीक्षण होते. कोणाला औषध द्यायचे हे चिठ्ठी टाकून ठरलेले नव्हते. चार शस्त्रक्रियांच्या आकड्यावर धोरण उभे राहत नाही.

दोन रकाने

आतापर्यंतच्या निकालांना दोन रकाने करून लिहिले की एक गोष्ट समोर येते. पहिला रकाना वेदनेचे गुण, दुसरा कूर्चेचे मिलिमीटर.

सेमाग्लुटाइड: वेदनेत १४ गुणांचा फायदा, ही चाचणी वजन आणि वेदनेवर बेतलेली होती, मिलिमीटरवर नाही.

स्प्रिफर्मिन, हे संप्रेरक नव्हे तर वाढीचे प्रथिन, निकाल २०१९, ५४९ रुग्ण: दर सहा महिन्यांनी सुया घेतलेल्या गटाची कूर्चा दोन वर्षांनी दुसऱ्या गटापेक्षा ०.०५ मिलिमीटर जाड भरली. वेदनेत ठळक फरक नाही.

यूबीएक्स-०१०१, म्हाताऱ्या पेशी मारण्यासाठी सांध्यात द्यायचे औषध, निकाल ऑगस्ट २०२०, १८३ रुग्ण: १२ आठवड्यांनी वेदनेत फरक नाही. उंदरांमध्ये म्हाताऱ्या पेशी काढल्याने झीज कमी झाल्याचे २०१७ मध्ये दिसले होते.

दोन्ही रकाने एकाच औषधाने, मोठ्या आणि चिठ्ठी टाकून गट पाडलेल्या चाचणीत, एकदम सुधारल्याचे यांपैकी एकाही ओळीत नाही. जिथे वेदना उतरली तिथे कूर्चा वाढल्याचा पुरावा नाही. जिथे कूर्चा वाढली तिथे वेदना उतरली नाही. कूर्चेत नसा नसतात, हे आधी आलेच आहे. वेदना हाडातून, सांध्याच्या अस्तरातून, आसपासच्या स्नायूंतून येते. म्हणून ‘गादी पुन्हा भरून येईल’ असे सांगून कोणी सुई विकत असेल, तर त्याला दुसऱ्या रकान्यातला आकडा विचारावा. आणि वेदना कमी झाली म्हणून गुडघा बरा झाला असे कोणी म्हणत असेल, तर त्यालाही तोच विचारावा.

चाचणीतली बाई आणि शेतातली बाई

सेमाग्लुटाइडच्या चाचणीत ८१.६% स्त्रिया होत्या, सरासरी वय ५६. इथपर्यंत आपल्या बाह्यरुग्ण विभागाशी जुळते. त्यांचा सरासरी बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक, ४०.३ होता. इथे जुळणी तुटते. १५२ सेंटिमीटर उंचीच्या बाईचा बीएमआय ४०.३ व्हायला तिचे वजन ९३ किलो असावे लागते. चाचणीत प्रवेशाची किमान अट ३० होती, म्हणजे त्याच उंचीला ६९ किलो.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या २३.४% स्त्रियांचा बीएमआय २५ किंवा अधिक होता. २०.८% स्त्रियांचा १८.५ पेक्षा कमी होता. राज्यात जास्त वजनाच्या स्त्रिया जेवढ्या, जवळपास तेवढ्याच कमी वजनाच्या. ५० किलोच्या मजूर बाईचे १३.७% वजन उतरवले तर ती ४३ वर येईल. ते उपचार नव्हे, नुकसान आहे. तिच्या गुडघ्याचे कारण त्या २०.४ टक्क्यांत नाही, उरलेल्या ७९.६ टक्क्यांत आहे. वय, उकिडवे बसणे, डोक्यावरचे ओझे, कधीकाळी झालेली आणि न तपासलेली दुखापत हे त्यातले घटक आहेत.

पैशांचा हिशेबही मांडू. वेगोव्ही हे सेमाग्लुटाइड भारतात जून २०२५ मध्ये आले तेव्हा सुरुवातीच्या मात्रेचा महिन्याचा खर्च १७,३४५ रुपये होता. नोव्हेंबर २०२५ मध्ये तो १०,८५० झाला, ३७% घट. महाराष्ट्रात रोजगार हमीच्या मजुरीचा दर २०२४-२५ मध्ये २९७ रुपये होता, २०२५-२६ मध्ये ३१२ झाला, ५% वाढ. तेव्हाच्या कमी झालेल्या किमतीतही चार आठवड्यांच्या औषधाला ३५ दिवसांची मजुरी लागत होती. २८ दिवसांच्या औषधाला ३५ दिवस. सेमाग्लुटाइडच्या पेटंटची भारतातली मुदत मार्च २०२६ पर्यंतची होती. त्यानंतरची किंमत हा या गणितातला बदलणारा आकडा.

तुलनेसाठी गुडघा बदलण्याचा आकडा. १६ ऑगस्ट २०१७ रोजी केंद्राने कृत्रिम गुडघ्याच्या किमतीवर मर्यादा घातली. सर्वाधिक वापरला जाणारा कोबाल्ट-क्रोमियमचा गुडघा सरासरी १,५८,३२४ रुपयांवरून ५४,७२० रुपयांवर आला, ६५% घट. करांचा आणि रुग्णालयाचा खर्च वेगळा. नुसत्या गुडघ्याची ही किंमत २०२५ च्या दरांनी पाच महिन्यांच्या सुयांइतकीच होती आणि १७५ दिवसांच्या मजुरीइतकी.

स्वस्त आकडा

व्यायामाचा आकडा बातमीत येत नाही. २०१५ च्या कोक्रेन आढाव्यात ४४ चाचण्या आणि ३,५३७ रुग्णांचा हिशेब मांडला. व्यायामाने वेदना १०० पैकी १२ गुणांनी कमी झाली. २०२४ च्या नव्या आढाव्यात चाचण्या १३९ झाल्या. नेहमीच्या उपचारांशी तुलना केली तर फायदा १३.१ गुणांचा, नुसत्या दिलाशाच्या उपचाराशी तुलना केली तर ८.७. सेमाग्लुटाइडचे १४ गुण औषध नसलेल्या सुईच्या तुलनेतले आहेत, म्हणून त्यांच्या शेजारी ठेवायचा आकडा ८.७ हा आहे. व्यायामाचा परिणाम औषधाच्या सुमारे ६२% भरतो. मांडीच्या पुढच्या स्नायूंना बळ देणारा हा व्यायाम बाजेवर बसूनही होतो.

वजन जास्त आहे त्यांच्यासाठी वेगळा आकडा आहे. वजन १ किलो उतरले की दर पावलाला गुडघ्यावरचा भार ४ किलोने कमी होतो. २०१३ मध्ये अमेरिकेत ४५४ जणांच्या चाचणीत आहार आणि व्यायाम एकत्र दिलेल्या गटाने १८ महिन्यांत १०.६ किलो, म्हणजे ११.४% वजन कमी केले. सुईशिवाय. सेमाग्लुटाइडच्या १३.७ पासून ते २.३ टक्के मागे आहे. मात्र या गटामागे १८ महिने आहारतज्ज्ञ आणि व्यायामाचे प्रशिक्षक होते. गावात ते नाहीत, आणि खरी तूट तिथे आहे.

पुढची मोजणी

९ ऑक्टोबर २०२४ रोजी राज्यात दहा शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे उद्घाटन झाले. त्यात हिंगोली आहे आणि वाशीमही. कनेरगाव नाका या दोहोंना जोडणाऱ्या रस्त्यावर आहे. १९९६ मध्ये भिगवणला जे काम झाले, ते करायला दोन्ही बाजूंना आता शिक्षक आणि विद्यार्थी असतील.

या मोजणीला महाग यंत्र लागत नाही. केसपेपरवर सात गोष्टी लिहिल्या तरी पुरे: वय, उंची, वजन, उकिडवे बसण्याचे रोजचे तास, जुनी दुखापत, वेदनेचे १०० पैकी गुण आणि क्ष-किरण चित्रातली फट मिलिमीटरमध्ये. वर्षाने त्याच माणसाची हीच मोजणी पुन्हा. तसे झाले तर ४६,४०० या अंदाजाच्या जागी खरा आकडा येईल. ५५ किलोच्या बाईच्या गुडघ्याचे काय होते, हे ९३ किलोच्या बाईवरून ताडावे लागणार नाही. आणि पुढचे संप्रेरक बाजारात येईल तेव्हा ते कोणाला द्यायचे आणि कोणाला नाही, हे ठरवायला आपल्याकडे आपल्या माणसांचे दोन्ही रकाने भरलेले असतील.